गाडी डावीकडे ओढते

"नाचता येईना, अंगण वाकडं," भूपेंद्र फोनवर म्हणाला, आणि तिथल्या तिथे मी ठरवलं की गाडी मी स्वतः उघडणार.

भूपेंद्र माझा धाकटा भाऊ. धुळ्याला देवपुरात राहतो, एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, आणि तिकडे राहायला गेल्यापासून घरच्यांशीही पुस्तकातलं मराठी बोलतो. मी मेघा, जळगावला आयटीआयत पोरांना मोटार मेकॅनिकचं काम शिकवते. आमचे वडील झुलाल आबा आणि माय सोनगीरच्या पुढे मळ्यात राहतात. तिथून गाव लांब आणि दवाखाना त्याहून लांब. आबांकडे एक जुनी एसयूव्ही आहे, गावात तिला सगळे जीपच म्हणतात. बाजारहाट, कापसाची पोती, कुणाचं लगीन, कुणाची मयत, सगळं तिच्यावर चालतं. ती आहे म्हणून दोघांचं मळ्यातलं राहणं आहे.

तर त्या गाडीची डावी बाजू गेल्या काही महिन्यांत पार सोलून निघाली होती. आधी रस्त्यातल्या मोरीच्या कठड्याला घासली. मग डावा आरसा बाभळीत अडकून गेला. आणि दिवाळीत रुपचंदकाकांच्या दारातली बाज मोडली. नशीब, बाजेवर तेव्हा काका नव्हते, नुसती गोधडी होती. आबांचं म्हणणं एकच होतं, "गाडी डावीकडे वढस. मी काय करू?" भूपेंद्रचं म्हणणं होतं की आबांचे हात थकले, चावी काढून घ्यायची आणि दोघांना देवपूरला आणायचं.

"देवपूरले मी काय करू? गच्चीवर कपाशी लाऊ?" आबा म्हणाले होते.

मला राग लवकर येतो. आला की मी पाना हातात घेते. माझ्या नवऱ्याच्या मते ही चांगली सवय आहे, घरातली भांडी वाचतात. मी भूपेंद्रला सुनावलं, की मागच्या वेळी आले तेव्हा पुढून खडखड आवाज येत होता, गाडीचे बुश गेलेत, ब्रेक दाबला की ती एका बाजूला ओढणारच. माणसाला दोष देण्याआधी गाडी तर बघशील?

"बरं," तो म्हणाला. "तू काम कर. मग आबांना चालवू दे, तू शेजारी बस. सरळ चालवली तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही चालवली, तर चावी माझ्याकडे. तू सांगशील ते मला मान्य."

तो तेव्हा मळ्यातूनच बोलत होता आणि फोनचा स्पीकर चालू होता. आबांनी ऐकलं आणि म्हणाले, "कबूल."

शनिवारी सकाळी मी जळगावहून नवे बुश घेऊन मळ्यात पोचले. लिंबाखालची जागा झाडून, पाणी मारून आबांनी तयार ठेवली होती. जॅक, लाकडी ठोकळे, लोखंडी घोडी, सगळं मांडलेलं. जणू मी ऑपरेशनला आलेली डॉक्टरीण. त्यांनी डोक्याला उपरणं गुंडाळलं होतं आणि चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखा उत्साह होता.

गाडी घोडीवर चढवली, पुढची चाकं काढली. ब्रेकचा भाग दोरीने बांधून बाजूला टांगला, म्हणजे त्याच्या नळीवर वजन येत नाही. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, म्हणजे आर्मचे, बोल्ट गंजले होते. मी तेल सोडलं, थांबले, पुन्हा सोडलं, पान्याला पाइप लावून लटकले. पहिला बोल्ट सुटला तेव्हा जो करकर आवाज झाला त्याने लिंबावरचे साळुंक्यांचं जोडपं उडालं. आबा शेजारी बसून एकेक नट रॉकेलच्या डब्यात टाकत होते. लहानपणी हेच काम माझं असायचं.

आर्म बाहेर आला. बुश म्हणजे काय, तर लोखंडाच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेलं जाड रबर. चाकाला बसणारा धक्का ते रबर स्वतः खातं. आमच्या गाडीतलं रबर इतकं फाटलं होतं की आतली नळी बोटाने हलत होती. डावीकडचं तर चुरा होऊन हातात आलं.

"देख!" आबा ओरडले. "मी सांगस व्हतू ना? गाडीनाच दोष शे!" तो फुटका बुश घेऊन ते तसेच घरात गेले, मायला दाखवायला. मी मागोमाग गेले, कारण त्यांना इतकं खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मायने बुश हातात घेतला, एकदा फिरवला आणि चुलीशेजारी ठेवून दिला. "बरं व्हयनं," ती म्हणाली. "हात धुवा, जेवा."

मला तिचा रागच आला. नवऱ्याची अब्रू वाचली आणि बाईला हसूसुद्धा येऊ नये? माय हल्ली अशीच झाली होती. पूर्वी गाडी सुरू झाली की दोन मिनिटांत मान टाकून डुलक्या काढायची. आता पुढच्या सीटवर बसली की तोंडाचा पट्टा थांबत नाही, मग शेजारच्या वनाची म्हैस असो की एखादं झाड. "ओ, वनानी म्हैस शे देखा," "ओ, लिंबले कितला फाटा फुटनात देखा." भूपेंद्र म्हणायचा, हिच्या बडबडीनेच आबांचं लक्ष उडतं. मलाही तसंच वाटायचं.

जेवायला कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत होतं. आबांनी भाकरी ठेच्याबरोबर संपवली आणि हात धुवायला उठू लागले. ताटात डावीकडे वाढलेलं भरीत तसंच. "भरीत ऱ्हायनं," माय म्हणाली आणि त्यांचं ताट हाताने अर्धं फिरवलं. "हाऊ काय, शे की," म्हणत आबा पुन्हा बसले आणि आवडीने खाऊ लागले. मी मनात म्हटलं, म्हातारपणी लाड चाललेत.

दुपारी जुने बुश वाइसच्या जबड्यात धरून ठोकून काढले, नवे दाबून बसवले. आर्म जागेवर गेले, बोल्ट हाताने लावले, चाकं चढवली. आता मुख्य काम राहिलं होतं.

हे काम करताना निम्मे लोक एक चूक करतात. गाडी उचललेली, चाकं लटकलेली, आणि तशीच बोल्ट आवळून टाकतात. मग गाडी खाली घेतली की आर्म वर जातो आणि रबर पिळलं जातं. ते गाडी उभी असतानासुद्धा पिळलेलंच राहतं, सहा महिन्यांत फाटतं. म्हणून चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन बसल्यावर कसायचं. हे मी पोरांना पुस्तकातून शिकवते, पण मला ते आबांनी शिकवलं होतं, पुस्तक हातात येण्याच्या कितीतरी आधी. आणि आबांची पद्धत पुस्तकाच्याही पुढे एक पाऊल होती. ते म्हणायचे, नुसत्या गाडीचं वजन कसलं? जी माणसं तिच्यात रोज बसतात ती बसवा. ज्याची जागा त्याला द्या, मग कसा.

तेव्हा वरात भरली. आबा स्टेअरिंगवर. माय त्यांच्या डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागी. शेजारच्या मळ्यातल्या झुंबरबाईला हाक मारून आणली, तिचा नवरा वना आला, दोघं मागे. त्यांच्या मागे कापसाची दोन पोती.

"लगीनले चालनूत का काय, आबा?" झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

"व्हय, तुनंच लगीन. दुसरं," आबा म्हणाले. वनाही हसला.

गाडी उंच, त्यामुळे चाकं जमिनीवर असूनही मी आडवी होऊन खाली शिरले. वरून आबांचा हात खिडकीबाहेर आला.

"बोजा बसना का?"

"बसना!"

"मंग कस आते!"

एकेक बोल्ट मी पूर्ण ताकदीने कसला. कामात खोट ठेवायची नाही, हा माझा स्वभाव आहे, आणि त्या दिवशी तर आबांचं सगळं त्या बोल्टांवर होतं. बाहेर आले तेव्हा केसांत माती होती आणि मी इतकी खूश होते की झुंबरबाईला मिठी मारली.

रविवारी सकाळी मी एकटीने गाडी धुळ्याला नेऊन चाकांचं अलाइनमेंट करून आणलं. मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे. परत येताना सरळ रस्त्यावर मी स्टेअरिंगवरचे हात अलगद उचलले. गाडी सुतात चालली होती, तसूभरही इकडेतिकडे नाही. मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "घे, भूपेंद्र!"

तो मोटारसायकलवरून आला होता, मळ्याच्या फाटकाशी उभा होता. "मी बसलो तर आबा चिडतात," तो म्हणाला. "तूच जा. पण माय मागे बसेल, आणि तोंड बंद ठेवेल. उगाच त्यांचं लक्ष नको विचलित व्हायला."

"मी पुढे बसस ना," माय म्हणाली.

"नाही, माय. आज नाही."

"मेघा, मी पुढे..."

"माय, बस ना व मागे," मीही म्हणाले. ती मागे बसली आणि दोन्ही हातांनी पुढची सीट धरून ठेवली.

मारुतीच्या देवळापर्यंत जायचं आणि यायचं, इतकंच होतं. आबांनी गाडी हळूच काढली. खडखड गेली होती, गाडी गुमान चालत होती. वळण गेलं, फाटक दिसेनासं झालं, पुढे कपाशीच्या शेतांमधला सरळ रस्ता.

"देख," आबा म्हणाले, "कशी सुतमा जाई ऱ्हायनी!"

तेव्हा मला माझ्या बाजूची चाकं मुरमात उतरल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. रस्त्याची कड गाडीच्या पोटाखाली होती. माझ्या मनात आधी माझंच काम आलं. बोल्ट सैल झाला का? मग मी आबांचे हात पाहिले. गाडी कुठेच ओढत नव्हती. आबा तिला डावीकडे नेत होते. हात जरासे डावीकडे वळलेले, आणि चेहरा अगदी शांत, खुशीत. त्यांना वाटत होतं ते रस्त्याच्या मधोमध आहेत.

मी ते हातच बघत बसले.

"ओ! झुंबरबाई शे देखा!" मागून माय ओरडली.

माझा हात स्टेअरिंगला पोचायच्या आत आबांचे हात उजवीकडे वळले होते. काच माझ्या बाजूची उघडी होती, गवताच्या भाऱ्याची टोकं माझ्या तोंडाला लागून गेली.

आबांनी ब्रेक लावला. जरा त्रासिक आवाजात म्हणाले, "कोठे शे झुंबरबाई?"

समोर, डावीकडे, सगळीकडे ती एकटीच होती त्या रस्त्यावर, डोक्यावर हा एवढा भारा घेऊन, हिरव्या लुगड्यात. आणि आबांना ती दिसली नव्हती. त्यांचे हात वळले ते मायच्या आवाजावर.

झुंबरबाई माझ्या खिडकीशी आली. "मारी टाकतस का काय मले, आबा? काल ते लगीनले बसाडं!" ती हसत होती, पण भारा तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आबांनी मान पूर्ण डावीकडे वळवली तेव्हा कुठे त्यांना ती दिसली. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. तिला काही कळेना. भारा सावरत ती निघून गेली.

आबांनी गाडी बंद केली.

"मी देखंच नही तिले," ते म्हणाले.

मग आरशात न बघता, मागे न वळता, हे कधीपासून म्हणून त्यांनी विचारलं, "कवपाईन?"

"पोयाले चक्कर उनी ना तुमले," मागून माय म्हणाली. "तवपाईन." पोळ्याला आबांना बैल धुताना चक्कर आली होती. लिंबू सरबत पिऊन बरं वाटलं, असं आम्हाला फोनवर सांगितलं होतं.

"मले का बरं सांगं नही?"

"कसं सांगू? तुमनं मन मोडी जातं."

वनाची म्हैस, लिंबाच्या फांद्या, फिरवलेलं ताट. सगळं डावीकडचं होतं, आणि ते एकदम माझ्या अंगावर आलं. पोळ्यापासून ही बाई स्वतःच्या तोंडाने गाडी चालवत होती, आणि आम्ही दोन शिकलेली लेकरं तिला म्हणत होतो, माय, बडबड करू नको. मला रडू आलं आणि मी ते दाबलं नाही.

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुनं काम चोख शे, पोरी," ते म्हणाले. "गाडी सुतमा शे." मग म्हणाले, "माय, पुढे ये. घरलगून मीच लयी जास."

मायला ते आईसारखं 'माय' म्हणाले, तसं ते कधी म्हणत नाहीत. मी उतरले, मागे बसले, आणि हात पुढे घालून हँडब्रेकवर ठेवला. आबांनी गाडी वळवली. आता मायला म्हशीचं किंवा झाडाचं नाव घ्यायची गरज नव्हती. ती सरळ सांगू लागली, "उजवा. अजून उजवा. आते सरळ. सरळच ऱ्हाऊ द्या." आबा पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने चालवत होते. गाडी रस्त्याच्या मधोमध घरापर्यंत आली.

फाटकाशी भूपेंद्रने गाडीचं दार उघडलं. "काय गं? सरळ चालवली?"

आबा स्टेअरिंग धरून पुढे बघत बसले होते. त्यांच्या मानेची शीर ताठली होती. लेकासमोर ते ऐकायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि मला ते बघवेना.

"आबांचा काही दोष नाही," मी म्हणाले. "चूक माझी. मी बोल्ट चाकं लटकलेली असतानाच कसले. रबराला पीळ पडलाय. गाडी अजून डावीकडे ओढते."

आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. काल ते स्वतः या सीटवर बसले होते, स्वतः खिडकीतून हात काढून 'कस आते' म्हणाले होते.

भूपेंद्र आधी हसला. "करायला गेली गणपती आणि झाला मारुती! आणि ही म्हणे पोरांना शिकवते!" मग माझं तोंड बघून वरमला. "अगं, रडतेस काय एवढ्यासाठी? सैल कर, पुन्हा कस. तासाभराचं काम. मी बसतो ना गाडीत, माझं वजन काही कमी नाही." त्याने खरोखर शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "चला आबा. तुमचंच खरं निघालं. मीच उगाच बोललो."

इतका मोठेपणा त्याने आयुष्यात पहिल्यांदा दाखवला, आणि तोही नको त्या वेळी. मी माझ्याच खोट्यात अडकले होते. आता पाना उचलायचा, कसलेले बोल्ट सोडून पुन्हा कसायचे, आणि मग? मग आबांना पुन्हा त्या रस्त्यावर सोडायचं, झुंबरबाई गवताला गेलेली असताना?

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

"अहो, तासाचं..."

"एकदाव पीळ पडना का रबर सरळ व्हत नही, भूपेन."

हे खरं नव्हतं. नव्या रबराचं एका सकाळीत काही बिघडत नाही. मला हे ज्यांनी शिकवलं ते आबाच होते.

"मग दुसरे बुश आणू," भूपेंद्र म्हणाला.

"गाडी म्हातारी झायी. कितला बुश बदलशात?" आबांनी चावी काढली, खाली उतरले आणि त्याच्या हातात ठेवली. "कपाशी येची लिसूत, मंग आम्ही दोन्ही उसूत. देवपूरनी खोली झाडी ठेव."

कापूस वेचून झाला की दोघं त्याच्याकडे राहायला येणार होते. भूपेंद्र चावीकडे बघत राहिला. गेले काही महिने त्याला हवं होतं तेच हातात पडलं होतं, आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. "घाई नाही, आबा," तो म्हणाला. बोलता बोलता त्याचं पुस्तकी मराठी गळून पडलं, इथेच राहा म्हणून तो घरच्या बोलीत विनवू लागला. "आठेच ऱ्हावा ना. गाडी मी देखस."

"नही," आबा म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

उद्या रजा टाकून आबांना डॉक्टरकडे न्यायचं मी मनाशी ठरवलं होतं. ते सांगायला स्वयंपाकघरात गेले तर माय मडक्यातलं पाणी पीत उभी होती. एक तांब्या संपवून तिने दुसरा भरला.

"बोली बोली मना घसा सुकी गया व पोरी," ती म्हणाली, आणि खाली बसून रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले.

जेवायला सगळे एका ओळीत बसलो. कालचं भरीत उरलं होतं, तेच वाढलं. आबांनी भाकरी संपवली, ठेचा संपवला. मायचा हात ताटाकडे निघाला आणि मध्येच थांबला, कारण आबांनी ताटाची कड स्वतःच धरली होती. त्यांनी ते हळूहळू पूर्ण फिरवलं, अनोळखी गावात घर शोधावं तसं. भरीत समोर आलं.

"आठे व्हतं," ते म्हणाले, आणि खाऊ लागले.